वर देख!

चैत्र सरत आला की शिंदखेडा तालुक्यात पारा ४२-४३ च्या वर जाऊन बसतो आणि हवेतली ओल नावापुरतीही उरत नाही. दोरीवर धोतर वाळत घालताना दुसरं टोक टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची पोरं अशा हवेत दिवसभर हुंदडतात, आणि एका दुपारी त्यातल्या एकाचा घोळणा फुटतो. तालुक्यातल्या नरडाण्याला एका अंगानं मुंबई-आग्रा महामार्ग आणि दुसऱ्या अंगानं सुरत-भुसावळ रेल्वे, त्यामुळे गावाला तातडीची सवय. पुढचं सगळं तातडीनंच होतं. आई पदर घेऊन धावते. आजी कांदा मागते. काका सोनगीरचा तांब्या भरून आणतो आणि पोराच्या टाळूवर उपडा करतो. शेजारचा पोराचा हात वर धरतो, आणि डाव्या नाकपुडीला डावा हात की उजवा यावर त्याचं काकाशी वाजतं. त्या घराशी कसलाही संबंध नसलेला एक जण मोटरसायकल बंदही न करता ओरडतो, “वर देख, भो! वर देख!” आणि बाप, जो एवढा वेळ हे सगळं उंबऱ्यातून बघत असतो, तो करड्या आवाजात विचारतो, “याने काय खाल्लं होतं?” मिनिटभरात पाच-सहा उपचार होऊन जातात. दहा-बारा हात पोराच्या डोक्यावरून, मानेवरून, दंडावरून, पाठीवरून फिरत असतात. रक्त ज्यातून येतंय त्या नाकाला मात्र कोणी हात लावलेला नसतो.

हे अज्ञान आहे असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते पुरतं खरं नाही. घोळण्यावरचा प्रथमोपचार इतका छोटा आहे की तो एका दमात सांगता येतो. पोराला बसवायचं, मान किंचित पुढे झुकवायची, नाकाचं हाड संपतं त्याच्या खालचा मऊ भाग अंगठा आणि बोट यांच्यात दाबून धरायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं, तोंडात रक्त आलं तर थुंकायला लावायचं, आणि घड्याळात बघून दहा मिनिटं ती चिमूट सोडायची नाही. संपलं. लसीकरणाच्या तारखा, नवोदयच्या परीक्षेचे नियम आणि कापसावरच्या फवारण्यांचं वेळापत्रक पाठ असलेल्या आईबापांना एवढं लक्षात राहू नये हे पटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. या उपचारात औषध नाही, पाणी नाही, धावपळ नाही, कोणाला हाका मारणं नाही. एका माणसानं एक नाक धरून गप्प बसायचं. आणि लेकराच्या अंगातून रक्त येत असताना दहा मिनिटं गप्प बसणं ही गोष्ट आपल्या घराघरांत अजून कोणाला जमलेली नाही. आमचं म्हणणं एवढंच, की पालकांना प्रथमोपचार कमी येतो म्हणून गडबड होते असं नाही. तो फारच जास्त येतो म्हणून होते.

आता नाकाकडे जरा जवळून बघू. दोन नाकपुड्यांच्या मधे जो पडदा असतो, त्याच्या अगदी पुढच्या भागात चार-पाच धमन्यांच्या बारीक फांद्या एकत्र येऊन जाळं करतात. त्यांच्यावरचं आवरण पातळ असतं, आणि पोरांचा घोळणा बहुतेक वेळा फुटतो तो इथंच. जेम्स लॉरेन्स लिटल नावाच्या अमेरिकी शल्यचिकित्सकानं १८७९ साली या जागेकडे लक्ष वेधलं आणि किसेलबाख नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८८४ साली. त्यामुळे आजही डॉक्टर तिला ‘लिटल्स एरिया’ म्हणतात. लिटल हे आडनाव आहे, लहान मुलांशी त्याचा संबंध नाही. पण निसर्गानं ही जागा नेमकी सहा वर्षांच्या पोराची करंगळी पोचेल एवढ्याच अंतरावर ठेवली आहे, तेव्हा नाव चुकून बरोबर पडलं म्हणायला हरकत नाही. कोरड्या हवेत नाकाच्या आत खपली धरते, खपली खाजवते, खाजवलं की बोट जातं, आणि बोट गेलं की पुढची सगळी मंडळी अंगणात जमतात. यात मौज अशी की आपल्या भाषेला ही जागा लिटल आणि किसेलबाखच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. घोळणा म्हणजे नाकाचं शेंड्याकडचं मऊ अंग. तोच फुटतो असं आपण म्हणतो. जे फुटलं ते धरायचं, इतका सरळ हिशेब शब्दातच लिहून ठेवलेला असताना, एखाद्याला नाक धरायचं सुचलंच तर तो धरतो वरचं हाड, जिथं चष्मा बसतो तिथं. नळ गळतोय आणि आपण टाकीला मिठी मारून उभे आहोत, असा तो प्रकार.

मागे मान टाकायला लावण्याबद्दल मात्र थोडं विस्तारानं बोललं पाहिजे, कारण बाकीचे उपचार निरुपयोगी असतील, हा एकच उलटा आहे. मान मागे गेली की रक्त थांबत नाही, रस्ता बदलतं. महामार्ग बंद म्हणून वाहतूक गावातून वळवावी तसं ते पुढून येण्याऐवजी घशातून पोटात जातं. पोटाला रक्त मानवत नाही. थोड्या वेळानं पोर ओकतं, ओकारीत काळपट रक्त दिसतं, आणि घरात दुसरा आकांत सुरू होतो, ज्याचं कारण पहिल्या आकांतातला उपचार असतो. इतिहासातला सर्वांत गाजलेला घोळणा हूणांचा राजा अटिला याचा. ज्याच्या नावानं रोमचं साम्राज्य चळचळा कापायचं, तो इसवी सन ४५३ मध्ये आपल्या लग्नाच्या रात्री दारू पिऊन उताणा झोपला. जुन्या बखरकारांनी लिहून ठेवलंय की नाकातून बाहेर पडायचं रक्त उताणं असल्यामुळे घशात उतरलं आणि त्यातच तो गेला. आपलं पोर अटिला नाही, शुद्धीत आहे, गिळतंय, थुंकतंय, तेव्हा इतकं घाबरायचं कारण नाही. पण ज्या आसनात अटिला मेला त्याच आसनात पोराला आग्रहानं बसवण्यात तरी काय शहाणपण? मग ही ‘वर देख’ची रीत टिकली कशी? आमच्या मते ती वैद्यकातून आलेलीच नाही, धुण्यातून आलेली आहे. मान पुढे केली की रक्त शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पडतं, आणि सोमवारी तोच शर्ट पुन्हा घालायचा असतो. मान मागे टाकली की शर्ट वाचतो, सारवलेली जमीन वाचते, आणि मुख्य म्हणजे रक्त दिसेनासं होतं. दिसेनासं झालं म्हणजे थांबलं, असं आपण धरून चालतो. यावर हटकून येणारा आक्षेप असा, की मान पुढे केल्यावर रक्त जास्त येतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बरोबर पाहिलंय. पण पासबुक भरून आणलं म्हणून खर्च वाढत नाही. तो आधीच झालेला असतो, आता कळतो एवढंच. शर्टाची काळजी असेल तर पुढ्यात घमेलं ठेवावं.

कांद्यावर बोलताना सांभाळून बोललं पाहिजे, कारण कांद्याच्या बाजूनं आजी आहे आणि आजीच्या बाजूनं पन्नास वर्षांचा अनुभव आहे. कांदा फोडला, नाकाशी धरला, रक्त थांबलं. असं तिनं एकदा नाही, पन्नासदा पाहिलंय. प्रश्न एवढाच की कांदा नसता तर काय झालं असतं? पोरांचे बहुतेक घोळणे पाच-दहा मिनिटांत आपसूक थांबतात. कांदा शोधायला दोन मिनिटं, विळी सापडायला एक, ‘हा नको, तो पांढरा आण’ यात आणखी दोन, फोडून हुंगवण्यात तीन. म्हणजे कांदा नाकापाशी पोचून स्थिरावतो तेव्हा रक्त थांबायच्या बेतात आलेलंच असतं. गाडी फलाटावर शिरता शिरता कोणी हिरवा रुमाल हलवावा आणि गाडी आपण आणली म्हणावं, तसं कांद्याचं आहे. जी पोरं शेतात एकटी असताना, कांद्याविना, बाहीला नाक पुसत बरी झाली, त्यांची नोंद कोणाकडेच नाही. कारण त्यांनी घरी सांगितलंच नाही. आता कोणी जाणकार म्हणेल की कांद्याला शास्त्राधार आहे. आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रक्तपित्ताच्या अध्यायात नाकात घालायच्या वस्तूंत दूर्वांचा रस आणि डाळिंबाच्या फुलांचा रस यांच्या जोडीला कांदाही सांगितलेला आहे. पण त्याच अध्यायात अंगात बळ असलेल्या रोग्याचं रक्त सुरुवातीलाच घाईनं अडवू नये असंही बजावलेलं आहे. म्हणजे ग्रंथ हातात घेतला तर तो पूर्ण घ्यावा लागतो, आणि पूर्ण घेतला तर पहिला नियम निघतो तो घाई न करण्याचा. शिवाय तिथं रस वैद्यानं विचार करून घालायचा आहे. फोडलेला अख्खा कांदा रडणाऱ्या पोराच्या तोंडावर चोळायचा नाही. कांद्याच्या वाफेनं डोळ्यांतून पाणी येतं आणि शिंकाही येतात, आणि एक दणकट शिंक ही नुकतीच धरलेली गुठळी उडवायला पुरेशी असते. मग पुन्हा रक्त, पुन्हा कांदा. अशा वेळी कांदा स्वतःच रोगी तयार करतो आणि स्वतःच त्याला बरा केल्याचं श्रेय घेतो.

उष्णतेचं तसं नाही. “अंगात उष्णता झाली” हे निदान आपण सर्दीपासून नापास होण्यापर्यंत कशालाही लावतो, म्हणून त्याला हसायची पद्धत आहे. पण इथं ते अर्धं बरोबर आहे. फक्त उष्णता पोटात नसते, हवेत असते. पोरानं खाल्लेल्या आंब्यावर, ठेच्यावर, शेवभाजीच्या तर्रीवर खटला चालवण्यात अर्थ नाही; तो बापाचा छंद आहे. नाकाच्या दाराशी बोटाला लागेल इतकं तूप लावून ठेवायची आजीची रीतही अगदी टाकाऊ नाही, आतली कातडी कोरडी पडू नये म्हणून मलम लावायला डॉक्टरही सांगतात. मात्र ते दाराशी लावायचं, मान मागे करून वाटीनं ओतायचं नाही. गार पाण्याची गोष्ट आणखी गमतीची. टाळूवर तांब्या ओतल्यानं पोर दचकतं आणि भिजतं, याहून अधिक काही होत असल्याचा पुरावा नाही. मानेला बर्फ लावून डॉक्टरांनी मोजमापं घेतली, तेव्हा नाकाकडच्या रक्तात फरक सापडला नाही. तोंडात बर्फ चघळायला दिला तेव्हा मात्र नाकाकडचं रक्त थोडं कमी झाल्याचं दिसलं, आणि विलायतेत आता पोरांना नाक दाबून धरल्या धरल्या बर्फाची कांडी चोखायला देतात. म्हणजे इतक्या सगळ्या उपचारांत थोडाफार आधार ज्याला आहे, तो उपचार म्हणजे चौफुलीवरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा. आणि तोच एक कोणी देत नाही. उलट “आणखी खा गोळे!” म्हणून पाठीत धपाटा बसतो.

विलायतेचं नाव काढल्यावर कोणाला वाटेल की तिकडं सगळं शहाणपण भरून वाहतंय. तसं समजायचं कारण नाही. घोळणा फुटला की पाठीवरून सदऱ्यात गार लोखंडी किल्ली सोडायची हा इंग्लंडातला जुना घरगुती इलाज. आपला कांदा निदान नाकाशी तरी जातो. १९९३ साली तिथं अपघात विभागातल्या कर्मचाऱ्यांनाच या प्रथमोपचारावर तपासून पाहिलं, आणि चिमूट नेमकी कुठं धरायची हे सगळ्यांना सांगता आलं नाही. १९९८ साली दोन डॉक्टरांनी याच विषयावर लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यातच ‘सार्वत्रिक अज्ञानाची खात्री पटली’ अशा अर्थाचे शब्द होते. सौदी अरेबियात, जिथली हवा नरडाण्याला लाजवील इतकी कोरडी आहे, पालकांना प्रश्नावल्या वाटल्या गेल्या आणि तिथंही मान मागे टाकणारे भरपूर निघाले. तेव्हा हा खान्देशी दोष नाही. भाषा वेगवेगळ्या, सांगणं एकच: वर देख.

खरा आणि अवघड आक्षेप पुढं आहे. तो असा, की तुमचं सगळं मान्य, पण हे खुर्चीत बसून लिहिणाऱ्याचं ज्ञान आहे. शर्टभर रक्त बघितलेल्या आईला ‘शांतपणे दहा मिनिटं धरून बस’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. चहाचा एक चमचा रक्त पांढऱ्या कापडावर पडलं की पानिपत झाल्यासारखं दिसतं. वीस किलोच्या पोराच्या अंगात दीड लिटरच्या आसपास रक्त असतं, त्यातलं चमचाभर म्हणजे काहीच नाही, हा हिशेब बरोबर आहे. पण तो आईला त्या क्षणी ऐकवणाऱ्याला तीच चमच्यानं मारील. शिवाय सिनेमानं आपल्याला शिकवून ठेवलंय की नाकातून रक्त आलेलं माणूस मध्यंतरानंतर फार टिकत नाही. आणि दहा मिनिटं ही किती मोठी असतात ते नाक धरल्याशिवाय कळत नाही. स्वयंपाकघराच्या मापानं सांगायचं तर दोन-तीन भाकऱ्या थापून, भाजून, फुगून टोपलीत पडतील एवढा वेळ. तेवढ्यात साधारण विसाव्या सेकंदाला कोणीतरी म्हणतं, “बघू, थांबलं का?” हात काढला जातो. थांबलेलं नसतंच, कारण थांबायला वेळच दिलेला नसतो. पुन्हा धरतात, पुन्हा बघतात. पेरलेलं बी उगवलं का म्हणून रोज उकरून बघणारा शेतकरी आपल्याला वेडा वाटेल, पण घोळण्यापुढं आपण सगळे तोच धंदा करतो, आणि मग निष्कर्ष निघतो की “दाबून काही होत नाही, कांदाच आणा.”

म्हणून उपदेश करण्यापेक्षा कामाची वाटणी करावी हे बरं. घरात जो सर्वांत कमी बोलतो त्यानं नाक धरायचं. बहुधा ही एखादी मोठी बहीण असते, आणि तिला आजवर कोणी विचारलेलं नसतं. आईनं पोराला मांडीशी घेऊन बसायचं. पोर रडायचं थांबलं तर ते तोंडानं नीट श्वास घेतं, आणि ते काम दुसऱ्या कोणाचं नाही. शेजाऱ्यानं घड्याळ धरायचं आणि दहा मिनिटं पुरी होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. त्याला हात वर धरायची इतकीच हौस असेल तर स्वतःचा धरावा. काकानं सोनगीरचा तांब्या पुन्हा भरून आणायचा आणि त्यातलं पाणी, सगळं झाल्यावर, जमीन धुवायला वापरायचं. मोटरसायकलवाल्याला बर्फाचा गोळा आणायला पाठवायचं, म्हणजे तो निदान दृष्टीआड होतो. बापाला काय खाल्लं याची चौकशी करू द्यावी, पण माजघरात. थांबल्यावर पुढचे काही तास पोरानं नाक शिंकरायचं नाही, बोट घालायचं नाही आणि झोक्यावर चढायचं नाही. यातली मधली अट पाळली जाईल अशी आशा कोणी धरू नये, नखं तेवढी कापून टाकावीत.

एवढं सगळं हसण्यावारी नेताना एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. दहा मिनिटं नीट धरूनही थांबलं नाही तर आणखी दहा धरावं, आणि तरीही वाहत असेल तर गाडी काढावी. डोक्यावर पडून रक्त आलं असेल, ताप असेल आणि अंगावर लाल ठिपके दिसत असतील, कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग पडत असतील, हिरड्यांतूनही रक्त येत असेल, पोर दोन वर्षांच्या आतलं असेल, किंवा एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर ते पोरसवदा घोळण्याचं प्रकरण राहिलेलं नसतं. शेवटच्या बाबतीत नाकात शेंगदाणा, हरभरा किंवा खेळण्यातली गोल बॅटरी निघते, आणि बॅटरी असली तर तासांचा हिशेब असतो. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय महामार्गानं काही फार लांब नाही, आणि १०८ ला फोन लावता येतो. निघताना वाटेतही नाक धरूनच ठेवायचं आणि मान पुढेच. जीपमध्ये पोराला मागच्या सीटवर उताणं निजवून नेणारे खूप असतात. अटिलाला निदान तसं निजवलं कोणी नव्हतं, तो आपणहून पडला होता.

राहता राहिली आजी आणि तिचा कांदा. तो तिच्याकडून काढून घ्यायचा विचारही मनात आणू नये. तिला कांदा द्यावा, विळी द्यावी आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसवावं. ती चिरते तोवर दहा मिनिटं होतात. मग नात हळूच चिमूट सोडते, रक्त थांबलेलं असतं, आणि आजी जागेवरूनच सांगते की बघा, नुसत्या वासानं थांबलं. त्यावर कोणी लिटल आणि किसेलबाख काढू नयेत. कांदा बारीक चिरून तयार आहे, संध्याकाळी शेवभाजी करायचीच आहे, आणि पोर माजघराच्या दाराआड उभं राहून बाहेर कोणी बघत नाही ना याचा अंदाज घेत आहे.